नकाशाच्या आधीचा ठराव

नवे चर्च बांधायचे ठरले की मंडळीच्या पहिल्याच बैठकीत तीन प्रश्न पुढे येतात. पैसा किती जमेल, जागा कोणती घ्यायची आणि मनोरा किती उंच करायचा. हे सगळे कशासाठी, हा चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारलाच तर लोक चमकून बघतात. चर्च आणखी कशासाठी बांधतात? देवाच्या भक्तीसाठी!

उत्तर बरोबर आहे, पण वास्तुविशारदाच्या फारसे कामाचे नाही. भक्ती करताना तुम्ही नेमके काय करता, हे त्याला कळायला हवे असते. उपदेश ऐकता? मग शब्द शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट पोचला पाहिजे, छताखाली आवाज घुमता कामा नये. ऑर्गनच्या साथीने सगळे मिळून स्तोत्रे गाता? मग आवाज थोडा घुमलाच पाहिजे, नाहीतर गाणे कोरडे वाटते. एकाच दालनात दोन्ही हवे असेल, तर झुकते माप कशाला द्यायचे हे छताची उंची ठरण्याआधीच ठरावे लागते. प्रभुभोजनाचे मेज समोरच्या भिंतीपाशी ठेवायचे, की लोकांच्या मधोमध? बाप्तिस्मा कपाळावर पाणी घालून देता, की पाण्यात पूर्ण बुडवून? पहिल्या रीतीला एक दगडी कुंड पुरते. दुसरीला कमरेएवढ्या पाण्याचा हौद, उतरायला पायऱ्या आणि कपडे बदलायला खोल्या लागतात.

असे पाहिले तर चर्चची इमारत म्हणजे त्या मंडळीने स्वतःबद्दल घेतलेल्या निर्णयांची बेरीज असते. निर्णय झालेच नसतील, तर ते कंत्राटदार घेतो, देणगीदार घेतो किंवा शेजारच्या गावातल्या चर्चची नक्कल घेते. हेतू ठरला आहे की नाही हे ओळखायची एक साधी खूण आहे: त्या हेतूमुळे कशाला तरी ‘नको’ म्हणता आले पाहिजे. ज्या हेतूत सगळेच बसते, त्याच्या आधारे काहीच बांधता येत नाही. पुढच्या पानांत तीन मंडळ्यांच्या गोष्टी आहेत: एक अमेरिकेतली आणि दोन इंग्लंडमधल्या. त्यांनी काय बांधले हे तर पाहायचेच आहे, पण त्याहून जास्त त्यांनी काय नाकारले हे पाहायचे आहे.

गाभारा नको, सभामंडप हवा

ख्रिस्ती समाजाची पहिली दोनेक शतके स्वतःच्या खास इमारतींशिवायच गेली. लोक कुणाच्या तरी घरी जमत. असे एक घर आजही अभ्यासता येते, कारण ते युद्धात गाडले गेले. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी ड्युरा-युरोपोस हे रोमन ठाण्याचे गाव होते. तिथल्या एका साध्या घरात इसवी सन २३२च्या सुमारास फेरफार करण्यात आले. दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठसत्तर माणसे बसतील असे एक दालन केले आणि एका छोट्या खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधून भिंतींवर चित्रे काढली. २५६ साली गावाला वेढा पडला. तटबंदी भक्कम करण्यासाठी तिच्यालगतची घरे मातीने भरून टाकली गेली आणि त्यात हे घरही बुजले. १९३०च्या दशकातील उत्खननात ते वर आले. त्या लोकांनी किती कमी बदल केले, हे बघण्यासारखे आहे. एकत्र बसायला जागा आणि बाप्तिस्म्याला पाणी एवढीच त्यांची गरज होती आणि तेवढेच त्यांनी केले.

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनचा आश्रय मिळाला आणि मोठ्या इमारती बांधायची वेळ आली, तेव्हा समोर दोन नमुने होते. एक, रोमन देवळे. तिथे आत देवाची मूर्ती असे, यज्ञबळी बाहेरच्या वेदीवर होत आणि भक्तही बाहेरच उभे राहत. दुसरा, बॅसिलिका नावाची सार्वजनिक लांबट इमारत. तिथे न्यायनिवाडे चालत, व्यापाराचे व्यवहार होत आणि शेकडो माणसे एका छताखाली मावत. ख्रिस्ती लोकांनी देवळाचा नमुना सोडला आणि कचेरीचा घेतला. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर त्यांना गाभाऱ्यापेक्षा सभामंडपाची गरज होती. पुढची सतराशे वर्षे चर्चचा जो लांबट आकार जगभर दिसतो, त्याच्या मुळाशी हा नकार आहे.

काळाबरोबर हेतू बदलले, तशी आतली मांडणीही बदलली. धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी व्यासपीठ पुढे आणले, कारण त्यांच्यासाठी वचन ऐकणे सर्वांत महत्त्वाचे होते. कॅथलिकांमधल्या जेझुइट संघालाही प्रवचनाची ओढ होतीच. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेत (बांधकाम १५९४ ते १६०५) दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि त्यांपलीकडच्या पडव्या नाहीत. सबंध दालन मोकळे आहे. त्यामुळे मुख्य वेदी सर्वांना दिसते आणि बाजूच्या भिंतीवरच्या व्यासपीठावरून बोलणारा लोकांच्या अगदी जवळ येतो. त्या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेविअरच्या दर्शनाला जाणाऱ्यांपैकी फार थोडे लोक या गैरहजर खांबांकडे बघतात.

ओक पार्क: मनोऱ्याला नकार

शिकागोच्या पश्चिमेला ओक पार्क हे उपनगर आहे. तिथल्या युनिटी चर्चची मंडळी युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट या दोन उदारमतवादी पंथांची मिळून होती. ४ जून १९०५ रोजी त्यांच्या लाकडी चर्चवर वीज पडली आणि ते जळून गेले. जुने चर्च नेहमीच्या गॉथिक धाटणीचे, निमुळत्या मनोऱ्याचे होते. नवे बांधण्यासाठी समिती नेमली गेली. तिच्यासमोर अनेक वास्तुविशारदांची नावे होती. त्यांतून निवड झाली गावातच राहणाऱ्या फ्रँक लॉइड राइट यांची. ते तेव्हा अडतीस वर्षांचे होते. घरे बांधण्यात त्यांचे नाव झाले होते, पण इतके मोठे चर्च त्यांनी बांधलेले नव्हते. त्यांचे घराणे युनिटेरियन होते आणि मामा जेंकिन लॉइड जोन्स शिकागोतले नामवंत युनिटेरियन धर्मोपदेशक होते. म्हणजे या मंडळीची विचारसरणी त्यांना घरातूनच माहीत होती.

पाळक रॉडनी जोनोट यांचे म्हणणे स्पष्ट होते. या मंडळीच्या दृष्टीने देवाची उपासना आणि माणसाची सेवा ही दोन कामे वेगळी नव्हती, पण एकाच खोलीत होण्यासारखीही नव्हती. रविवारची उपासना शांततेत व्हावी, आणि संडे स्कूलच्या पोरांचा गलका, शिवणाचे वर्ग, स्वयंपाक, सहभोजने हे सगळे मोकळेपणाने चालावे. पूर्वी एकाच इमारतीत ही ओढाताण व्हायची. राइटनी त्यावर दोन इमारती योजल्या: एका बाजूला उपासनेचे चौकोनी दालन, दुसऱ्या बाजूला समाजकार्याचे ‘युनिटी हाउस’ आणि मध्ये दोघांना जोडणारे एकच प्रवेशदालन. कुठेही जायचे असले तरी शिरायचे एकाच दाराने. दारावर ब्राँझच्या अक्षरांत मंडळीचा हेतू लिहिला आहे: देवाची उपासना आणि माणसाची सेवा. एरवी असले वाक्य शोभेचे वाटले असते. इथे ते नकाशाच आहे, कारण त्यातल्या एका अर्ध्यासाठी डावीकडे आणि दुसऱ्यासाठी उजवीकडे वळावे लागते.

मनोरा मात्र गेला. आकाशाकडे बोट दाखवणारी इमारत देव कुठेतरी दूर वर आहे असे सांगते, आणि या मंडळीला तर देव माणसामाणसांत शोधायचा आहे, असा राइट यांचा युक्तिवाद होता. आत्मचरित्रातही त्यांनी तो रंगवून मांडला आहे. समितीत कुरबुर झाली. चर्चला मनोरा नाही म्हणजे ते चर्चसारखे दिसणार कसे? राइटनी प्लास्टरची प्रतिकृती करून दाखवली. जोनोट आणि समितीतले संशोधक-कारखानदार चार्ल्स रॉबर्ट्स यांनी बाजू लावून धरली आणि मंजुरी मिळाली.

पैशाची चणचण होती, म्हणून राइटनी सळईचे काँक्रीट निवडले. तेव्हा ते गोदामांना आणि कारखान्यांना वापरत. इमारतीच्या चारही बाजू सारख्या ठेवल्या, म्हणजे लाकडी साचे पुन्हा पुन्हा वापरता येतील. चर्चसमोरून ट्रॅम जायची. तिचा खडखडाट आत येऊ नये म्हणून रस्त्याकडे खिडक्या ठेवल्या नाहीत. उजेड घेतला वरून. छतातल्या २५ चौकटींत पिवळसर काच बसवली, त्यामुळे ढगाळ दिवशीही आत उन्हाची छटा असते.

दालनात सुमारे ४०० माणसे बसतात, पण कुणीही व्यासपीठापासून ४०-४५ फुटांपेक्षा फार लांब नसते. लोक तीन बाजूंनी बसतात, तेव्हा समोर उपदेशकाबरोबर मंडळीचे चेहरेही दिसतात. उशिरा येणाऱ्यासाठी दालनाच्या कडेने खालच्या पातळीवर अंधारी वाट आहे. तिच्यातून चालताना त्याला वरचे लोक दिसतात, पण तो कुणाला दिसत नाही. आणि उपासना संपल्यावर लोकांनी पाळकाकडे पाठ फिरवून मागे जायचे नाही. बाहेर पडायची दारे व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे चालत येतात, हात मिळवतात आणि बाहेर पडतात. मंडळी म्हणजे एकमेकांना ओळखणारी माणसे, हा विचार इथे दाराच्या जागेपर्यंत पोचला आहे.

खर्च ठरल्यापेक्षा बराच वाढला, काम लांबले आणि समर्पणविधी २६ सप्टेंबर १९०९ला झाला. सपाट छपरांमधून पाणी गळण्याची आणि काँक्रीटला तडे जाण्याची डोकेदुखी पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आली. २०१५ ते २०१७ या काळात सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून जीर्णोद्धार करावा लागला. २०१९मध्ये राइट यांच्या आठ वास्तूंना मिळून युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत ही एक आहे. हेतू स्पष्ट असला म्हणजे छप्पर गळत नाही असे नव्हे. पण गळणाऱ्या छपराखालच्या लोकांना ही इमारत सोडवत नाही, याचे कारण त्या हेतूत असावे.

मुंबईतले एक चर्च आणि दोन स्कॉट

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीकडे जाण्याआधी कुलाब्याला थोडे थांबू. तिथले सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे चर्च मुंबईकरांना अफगाण चर्च म्हणून ठाऊक आहे. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले आणि जानेवारी १८५८मध्ये त्याचे अभिषेचन झाले. इंग्लंडहून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी पाठवलेला आराखडा परवडण्यासारखा नव्हता. मग हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने वेगळा आराखडा केला. पुढे मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे याच स्कॉटसाहेबांनी केले.

अफगाण चर्चचा हेतू अगदी सुस्पष्ट आहे. आपल्या माणसांची आठवण ठेवायची. भिंतींवर मृतांची नावे आहेत आणि बाकांना सैनिकांच्या रायफली टेकवायला खाचा आहेत. ज्या साम्राज्याने ते युद्ध केले, त्याच्या छावणीचे हे चर्च होते आणि इमारतीतून ते लपत नाही. युद्धानंतर बांधलेल्या चर्चचा हेतू बहुतेक वेळा असाच, आपल्या बाजूच्या शोकाचा, असतो. कॉव्हेंट्रीने तो ओलांडायचा प्रयत्न केला. आणि तिथे पहिला आराखडा ज्यांच्याकडे गेला ते जाइल्स गिल्बर्ट स्कॉट हे या स्कॉट यांचे नातू. त्यांचाही आराखडा बांधला गेला नाही.

कॉव्हेंट्री: सूडाला नकार

१४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर तासन्‌तास बॉम्ब टाकले. पाचशेहून अधिक माणसे मेली. सेंट मायकेल हे मध्ययुगीन चर्च १९१८मध्ये कॅथेड्रल झाले होते. त्याचे छप्पर आणि आतले सगळे जळाले. मनोरा आणि बाहेरच्या भिंती उरल्या. कॅथेड्रलचे प्रमुख, प्रोव्होस्ट रिचर्ड हॉवर्ड, यांनी लगेचच जाहीर केले, की हे पुन्हा बांधायचे. त्या वर्षीच्या नाताळात ते भग्नावशेषांमधून रेडिओवर बोलले. सूडाचे विचार मनातून काढण्याचा आम्ही प्रयत्न करतो आहोत आणि युद्ध संपल्यावर अधिक दयाळू जग घडवू, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ज्या शहराने नुकतीच शेकडो प्रेते पुरली होती, तिथे हे ऐकवणे सोपे नव्हते. गवंडी जॉक फोर्ब्स यांनी दोन जळक्या तुळया बांधून क्रूस उभा केला. छपरातून पडलेल्या मध्ययुगीन खिळ्यांचा दुसरा क्रूस झाला. १९४८मध्ये उघड्या वेदीमागच्या भिंतीवर क्षमेची प्रार्थना कोरली गेली. शुभवर्तमानात येशू ‘त्यांना’ क्षमा कर म्हणतो. इथे ‘त्यांना’ हा शब्द गाळला आहे. क्षमा सर्वांनाच हवी, आपल्यालाही.

पण मोठा हेतू जाहीर झाला म्हणून आराखडा आपोआप सुचत नाही. जाइल्स स्कॉट यांना काम दिले तेव्हा आत नेमके काय हवे यावरच एकमत नव्हते. बिशप नेव्हिल गॉर्टन यांना वेदी लोकांच्या मध्ये हवी होती. स्कॉट यांचा पिंड परंपरेचा होता. दोन्हींची तडजोड करणारा आराखडा रॉयल फाइन आर्ट कमिशनने नापसंत केला आणि १९४७मध्ये स्कॉट बाजूला झाले. लॉर्ड हार्लेक यांच्या समितीने खुली स्पर्धा सुचवली, पण इमारत इंग्रजी गॉथिक परंपरेतली असावी अशी शिफारसही केली. स्पर्धेच्या अटी ठरल्या तेव्हा ही अट गळाली होती. शैलीबद्दल मौन आणि श्रद्धेबद्दल मात्र नेमकेपणा, असे त्या मसुद्याचे स्वरूप होते. बिशप आणि प्रोव्होस्ट यांनी स्पर्धकांना सांगितले, की हे चर्च देवाच्या वैभवाची साक्ष देणारे हवे, रस्त्यावरून आत येणाऱ्याला ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म भिडले पाहिजे आणि प्रभुभोजनाची वेदी ही सगळ्या रचनेच्या केंद्रस्थानी असली पाहिजे. याखेरीज सर्व ख्रिस्ती पंथांना एकत्र येता येईल असे ऐक्याचे प्रार्थनास्थळ आणि समाजसेवेचे केंद्र हवे होते.

२१९ प्रवेशिका आल्या. ऑगस्ट १९५१मध्ये निकाल लागला आणि बेसिल स्पेन्स विजयी ठरले. १९०७मध्ये त्यांचा जन्म मुंबईत झाला होता. वडील तिथल्या टाकसाळीत धातुपरीक्षक होते. स्पर्धेच्या अटींनुसार जुना मनोरा जपणे आवश्यक होते, पडक्या भिंतींची सक्ती नव्हती. स्पेन्स यांनी पहिल्याच भेटीत ठरवले, की अवशेष पाडायचे नाहीत. जुने कॅथेड्रल उघडे, जसेच्या तसे ठेवायचे आणि नवे त्याला काटकोनात उभे करायचे. मध्ये उंच मंडप. नव्या इमारतीचे तोंड अवशेषांकडे, आणि त्या बाजूला भिंतीऐवजी जॉन हटन यांनी संत आणि देवदूत कोरलेली काच. आत उभे राहिले की बाहेरचा विध्वंस दिसतो, बाहेरून आतली वेदी दिसते. चर्चचे डोके पूर्वेला असावे हा पारंपरिक दंडक यापायी मोडला आणि वेदी उत्तरेला गेली. मसुद्यात न लिहिलेली, अवशेष राखण्याची ही गोष्ट हेतूशी सर्वांत प्रामाणिक होती. नुकसान पुसून टाकले असते, तर क्षमेला अर्थ उरला नसता.

लोकांनी मात्र स्पेन्स यांना शिव्यांची पत्रे पाठवली. कुणाला हे कारखान्यासारखे वाटले, तर कुणाला गॉथिकशिवाय कॅथेड्रल कल्पवत नव्हते. १९५४मध्ये नगरपालिकेनेच विरोध केला. घरे आणि शाळा अजून उभ्या राहिल्या नव्हत्या, मग सिमेंट आणि मजूर कॅथेड्रलला का द्यायचे? प्रश्न रास्त होता. बांधकाम परवाने तेव्हा सरकारच्या हातात होते. मंत्री डेव्हिड एक्लेस यांनी परवाना दिला आणि कारण सांगितले, की ही इमारत एका शहराची नसून युद्धाने पोळलेल्या अनेकांची आहे. म्हणजे शेवटी परवानाही मंडळीच्या हेतूच्या बळावरच मिळाला.

हेतूची परीक्षा समितीच्या खोलीतही झाली. बाहेरच्या भिंतीवर सैतानावर विजय मिळवणाऱ्या संत मायकेलचा पुतळा जेकब एपस्टाइन यांच्याकडून करून घ्यावा, असे स्पेन्स यांनी सुचवले. एपस्टाइन ज्यू आहेत, असे एकाने बोलून दाखवले. येशूही ज्यूच होता, असे स्पेन्स यांनी उत्तर दिले. पुतळा एपस्टाइन यांनीच केला. वेदीमागे ग्रॅहम सदरलँड यांनी रेखाटलेला ख्रिस्ताचा विणलेला पट आहे, उंची सुमारे २३ मीटर. तो फ्रान्समध्ये विणला गेला. बाप्तिस्म्याचे कुंड म्हणून बेथलेहेमजवळून आणलेला एक ओबडधोबड दगड ठेवला आहे आणि त्यामागे जॉन पायपर यांच्या रंगीत काचांची भव्य खिडकी आहे.

मुख्य दालनाच्या भिंती नागमोडी आहेत आणि त्यांतल्या दहा उंच रंगीत खिडक्या वेदीच्या दिशेने वळलेल्या आहेत. आत शिरणाऱ्याला त्या दिसतच नाहीत, फक्त त्यांचा उजेड दिसतो. प्रभुभोजन घेऊन वेदीकडून परत वळलेल्या माणसालाच त्या एका दृष्टीत दिसतात. पर्यटकाला खूश करण्यापेक्षा उपासकाचा क्षण राखायचा, हा निर्णय भिंतींच्या कोनात आहे.

२५ मे १९६२ रोजी अभिषेचन झाले. पाच दिवसांनी बेंजामिन ब्रिटन यांची ‘वॉर रिक्वियम’ ही संगीतरचना तिथे पहिल्यांदा सादर झाली. एक इंग्रज, एक जर्मन आणि एक रशियन असे तीन गायक ब्रिटन यांच्या मनात होते. सोव्हिएत सरकारने गायिका गालिना विश्नेव्हस्काया यांना येऊ दिले नाही, त्यांच्या जागी हेदर हार्पर गायल्या. इमारत मात्र गाण्यापुरती थांबली नाही. १९६१मध्ये जर्मन तरुण येऊन अवशेषांतल्या खोल्यांचे आंतरराष्ट्रीय केंद्र बांधायला राबले होते. १९६५मध्ये कॉव्हेंट्रीचे तरुण जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेले आणि ब्रिटिश-अमेरिकन बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालेले एक रुग्णालय उभारायला त्यांनी हात लावला.

बो कॉमन: लांबीला नकार

कॉव्हेंट्रीची स्तुती करताना तिची अडचणही सांगितली पाहिजे. ते दालन सुमारे ८० मीटर लांब आहे. वेदी केंद्रस्थानी हवी अशी अट होती, पण मागच्या रांगेतल्या माणसाला ती दूरवरच्या दृश्यासारखी दिसते. इमारत पुरी होईपर्यंत उपासनेचा विचारच पुढे सरकला होता. धर्मगुरूने विधी करायचा आणि लोकांनी बघायचा हे बदलून सगळ्यांनी मिळून उपासना करावी, असे म्हणणारी चळवळ युरोपात जोर धरत होती. पीटर हॅमंड यांनी १९६०मध्ये ‘लिटर्जी अँड आर्किटेक्चर’ या पुस्तकात नव्या इंग्रज चर्चवर हाच ठपका ठेवला: बाहेरून आधुनिक, आतून जुनीच मांडणी.

त्याच वर्षी लंडनच्या पूर्व भागात बो कॉमन इथे सेंट पॉल हे नवे चर्च उभे राहिले. जुने १९४१मध्ये बॉम्बने गेले होते. वस्ती गोदी कामगारांची, पैसा बेताचा. पाळक ग्रेशम कर्बी जहाल विचारांचे होते. रॉबर्ट मॅग्वायर आणि कीथ मरे हे दोघे आराखडाकार तरुण होते. त्यांनी आधी उपासना कशी असावी हे ठरवले आणि मग त्याभोवती भिंती घातल्या. वेदी जवळजवळ मध्ये, तिच्यावर काचेचा मोठा झरोका, लोक तिन्ही बाजूंना. ठोकून बसवलेली बाके नाहीत, म्हणजे जागा हवी तशी वापरता येते. साधी वीट, रस्त्याला घालतात तसल्या फरशा. कॉव्हेंट्रीत भिंतीवर अक्षरे कोरणारे राल्फ बेयर यांनीच इथल्या दारावरची अक्षरे कोरली. २०१३मध्ये ब्रिटनच्या नॅशनल चर्चेस ट्रस्टने १९५३नंतरच्या तिथल्या चर्चमधून याला सर्वोत्तम ठरवले.

बो कॉमननंतर तीन वर्षांनी कॅथलिकांनीही तीच दिशा धरली. ४ डिसेंबर १९६३ला व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यानंतर मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत होऊ लागली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. त्यासाठी जगभर भिंतीपासून सुटी, पुढे आणलेली वेदी लागली. वसई-मुंबईतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या चर्चमध्ये मराठीत मिस्सा ऐकताना समोर दिसते ती हीच वेदी. मागची सोनेरी, नक्षीदार वेदी आता पार्श्वभूमी झाली आहे. एकाच इमारतीत दोन काळांचे दोन ठराव एकमेकांसमोर उभे आहेत.

ठराव कसा लिहायचा

मराठी ख्रिस्ती समाजाला ‘हे सगळे कशासाठी’ हा प्रश्न स्वतःच्या पद्धतीने विचारता येतो, कारण त्याच्याकडे उपासनेची स्वतःची रीत आहे. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी नगरच्या परिसरात अभंग-भजन-कीर्तनाला चर्चमध्ये मान मिळवून दिला. टाळमृदंगावर भजन म्हणणारी, कीर्तन ऐकणारी मंडळी रांगेतल्या बाकांवर अवघडते. तिला खाली बसायला मोकळी जमीन हवी, कीर्तनकाराला मागेपुढे फिरायला जागा हवी, चपला ठेवायला कोनाडा हवा आणि टाळांच्या नादाने शब्द बुडणार नाहीत इतके बेताचे छत हवे. हे सगळे आधी ठरले नाही, तर नकाशात बाके येतातच, कारण चर्चमध्ये बाके असतात असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते.

तिन्ही गोष्टींतून काही गोष्टी उघड होतात. ओक पार्कचा हेतू क्रियापदांत होता, म्हणून तो इमारतीत उतरला: उपासना करणे, सेवा करणे. कॉव्हेंट्रीत हेतू आधी सार्वजनिकरीत्या बोलला गेला आणि मग नगरपालिकेपासून समितीपर्यंत प्रत्येक वादात त्याचा आधार घेता आला. बो कॉमनच्या मंडळीने बाके ठोकली नाहीत, म्हणजे पुढच्या पिढीला आपला ठराव दुरुस्त करायची मुभा ठेवली. पहिल्या दोन ठिकाणी तर एकमत सुरुवातीला नव्हते. मनोऱ्यावरून, शैलीवरून, शिल्पकाराच्या धर्मावरून भांडणे झालीच. सामायिक हेतू म्हणजे भांडण न होणे नव्हे. भांडण कुठे नेऊन मिटवायचे, ती जागा सर्वांना मान्य असणे म्हणजे सामायिक हेतू.

म्हणून बांधकाम समितीने कोरा कागद घ्यावा आणि हेतूच्या प्रत्येक वाक्यापुढे ‘म्हणून आपण अमुक बांधणार नाही’ असे लिहून बघावे. आम्ही गरिबांची सेवा करू, म्हणून संगमरवर लावणार नाही. मुले आमच्या उपासनेत आमच्याबरोबर असतील, म्हणून त्यांना तळघरात बसवणार नाही. वृद्ध माणसे सगळ्यांसारखी आत येतील, म्हणून मुख्य दाराला पायऱ्या करणार नाही. जिथे हे वाक्य पुरे होत नाही, तिथे हेतू अजून ठरलेला नाही असे समजावे. आराखडाकाराला थांबायला सांगावे आणि पुढच्या रविवारी उपासनेनंतर बैठक पुन्हा बोलवावी.